मैदानावरचं हलकं काम

बावीस पोरं माझ्यासमोर रांगेत उभी होती आणि एकही खोकत नव्हतं. तिथेच मला संशय आला.

डिसेंबर संपत आला होता. त्या थंडीत अख्खा तालुका खोकत होता. माझ्या ओपीडीत पेशंटचं बोलणं ऐकू येत नव्हतं, इतका खोकला. आणि इथे पत्र्याच्या गोदामात, एकाच सतरंजीवर खेटून झोपणारी बावीस तरणी पोरं छाती काढून उभी होती. डोळे लाल, नाकं सुजलेली, पण घशातून आवाज नाही.

"कोणाले काही त्रास?" मी विचारलं.

"नाई म्याडम." सगळे एका सुरात.

"मंग एकेकानं पुढे या आणि एका दमात तीसपर्यंत आकडे मोजा. मोठ्यानं."

ही काही पुस्तकातली तपासणी नाही. पोरं स्टेथोस्कोपसमोर श्वास रोखून धरतात, आकडे मोजताना ते जमत नाही. पहिला अकरावर अडकला आणि जो खोकत सुटला तो भिंतीला टेकला. दुसरा चौदावर गेला. मग रांगेत उभे असलेल्यांचाही धीर सुटला आणि गोदाम दणाणलं. एखाद्याला जांभई आली की सगळ्यांना येते, तसंच झालं. पहिल्या रांगेतल्या बावीसमधले तेरा आजारी निघाले.

एकाने मात्र तीसपर्यंत मोजले, वर दोन जास्त मोजले आणि माझ्याकडे बघत राहिला. उंच, काटक, गालफडं वर आलेली. मी त्याचं मनगट धरलं. नाडी एकशे दहा.

"पळून आलो म्याडम आत्ताच," तो म्हणाला.

मागे अकादमीचे चालक उभे होते, माजी सुभेदार खंडारे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. ते पुढे आले. "हा अविनाश. माहा नंबर एक पोट्टा. सोळाशे मीटर साडेपाचच्या आत काढते. भरतीले सोळा दिवस राह्यले. पुढच्या महिन्यात याचं वय निघून जाते म्याडम. ही त्याची शेवटची हाय."

सैन्यात भरती व्हायला वयाची अट असते. एका वाढदिवसानंतर दार बंद. अविनाशचं दार सोळा दिवस उघडं राहणार होतं, आणि माझ्या बोटांखाली त्याची नाडी काही खाली यायला तयार नव्हती. मी वहीत त्याच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

थोडं मागचं सांगते. मी त्या वेळी रिसोड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर वैद्यकीय अधिकारी होते. माहेर कारंज्याचं, त्यामुळे वऱ्हाडी बोली मला शिकावी लागली नाही. आमच्या भागात आता गावोगाव सैन्यभरतीपूर्व प्रशिक्षण अकादमी निघाल्या आहेत. बारावी झालेली पोरं वर्षभर तिथे राहतात, पहाटे धावतात, दुपारी गणित आणि सामान्यज्ञान घोकतात. ही अकादमी सोयाबीनच्या जुन्या गोदामात होती. दोन हॉल, चौऱ्याऐंशी मुलं. शिवाय जवळच्या गावांतून सायकल-मोटरसायकलवर रोज येणारी नऊ जणं. त्यांना तिथे अप-डाऊनवाले म्हणत.

त्या दिवशी सकाळी दोन पोरं ओपीडीत आली होती. दोघांनी वेगवेगळ्या गावांची नावं सांगितली आणि दोघांनाही तीन दिवसांचा ताप. ती गेल्यावर आमचे आरोग्य सेवक राऊत माझ्या टेबलापाशी आले. आरोग्य सेवक म्हणजे गावोगाव फिरून तापाचे रुग्ण शोधणारा माणूस. राऊतांची त्यात पंचवीस वर्षं गेली होती.

"म्याडम, दोघायची कटिंग पाह्यली का? बाजूनं साफ, वर बरशासारखे उभे केस. हे गावातले नाईत, अकादमीतले हायेत. अकादमीचं नाव लपवून राह्यले."

"कायले लपवतील?"

"आजारी म्हनून घरी धाडलं त भरती गेली ना."

म्हणून दुपारी आम्ही दोघं तिथे गेलो होतो.

पहिलं काम लाइन लिस्ट. हा शब्द मोठा वाटतो, पण ती नुसती यादी असते. कोण आजारी, कधीपासून, कुठे झोपतो, कुठे जेवतो, कुणाबरोबर असतो. साथीच्या तपासात औषधाच्या आधी ही यादी. राऊतांनी एका संध्याकाळी दोन्ही हॉल पालथे घातले. एकवीस जण आजारी. ताप, घसा, कोरडा खोकला, काहींचे डोळे आलेले. मी आठ जणांच्या नाकाघशातले नमुने घेऊन वाशीमला पाठवले. तिथून ते पुढच्या मोठ्या लॅबमध्ये जातात. रिपोर्टला चार-पाच दिवस लागतात आणि साथ काही रिपोर्टसाठी थांबत नाही.

हॉल बघितल्यावर मला वाटलं, कारण सापडलं. थंडी लागते म्हणून खिडक्यांत पोती कोंबलेली. पोरं एका रांगेत, डोक्याला डोकं लावून झोपलेली. मी पोती काढायला लावली. झोपण्याची रचना बदलली, एकाचं डोकं तर शेजाऱ्याचे पाय. खोकल्याचे तुषार तोंडावर पडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. पोरांनी मोज्यांच्या वासाची तक्रार केली. मी म्हटलं, मोजे धुवा. ज्यांना ताप होता त्यांना अभ्यासाच्या खोलीत वेगळं ठेवलं.

संध्याकाळी तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांचा फोन आला.

"मॅडम, बंद करून टाका ती अकादमी. सगळ्यांना घरी पाठवा."

"सर, ही पोरं तीसेक गावांतली आहेत. एसटीत, जीपमध्ये कोंबून जातील. घरी म्हातारी माणसं, लहान लेकरं. आज साथ एका गोदामात आहे, उद्या तीस गावांत असेल."

"वर्तमानपत्रात बातमी आली तर?"

"येऊ द्या. एका ठिकाणी आहे तोवर ती माझ्या हातात आहे."

"जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"लेखी द्या."

मी लेखी दिलं. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना कागद लागत असे, एवढंच. मला स्वतःवर भरवसा होता. खिडक्या उघडल्या, रचना बदलली, आजारी वेगळे काढले. तीन दिवसांत साथ ओसरणार, असं मी राऊतांना छातीठोकपणे सांगितलं.

तीन दिवसांत एकवीसचे चौतीस झाले.

आता ज्यांना बाधा आधीच झालेली असते ती पोरं पुढे काही दिवस आजारी पडणारच, हे मला कळत होतं. पण वाढ त्या हिशोबात बसत नव्हती. गुरुवारी राऊत यादी घेऊन आले आणि त्यांनी एका जागी बोट ठेवलं.

"हे पाहा म्याडम. अप-डाऊनवाले. नऊपैकी पाच आजारी."

मी यादी पुन्हा वाचली. ही नऊ पोरं हॉलमध्ये झोपत नव्हती. मेसमध्ये जेवत नव्हती, घरून डबा आणत होती. दुपारच्या वर्गात मागच्या दाराशी बसत. तरी निम्म्याहून जास्त आजारी. हॉलमध्ये जेवढं प्रमाण, त्याहून जास्त. म्हणजे मी तीन दिवस ज्या खिडक्यांवर खूश होते, त्या खिडक्यांचा हा दोषच नव्हता, किंवा सगळा दोष नव्हता. अप-डाऊनवाले आणि बाकीचे एकमेकांच्या अगदी जवळ येत होते ते फक्त मैदानावर. आणि मैदान तर उघडं. वारा वाहतोय, पलीकडे हरभऱ्याचं शेत. अशा जागी श्वासाचा रोग पसरत नाही, हे मी स्वतः लोकांना कोरोनात शंभर वेळा सांगितलं होतं.

दुसरी अडचण म्हणजे पोरं खोटं बोलत होती. मी नियम केला होता, ताप आल्यापासून दहा दिवस धावायचं नाही. हा नियम माझ्या मनाचा नव्हता. विषाणूचा ताप अंगात असताना माणूस जिवाच्या आकांताने धावला तर कधीकधी त्याच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते. क्वचित येते, पण आली तर धडधाकट पोरगा मैदानातच कोसळतो. पोरांनी या नियमावर लगेच तोडगा काढला. प्रत्येकाने ताप चार दिवस आधीच आला होता, असं सांगायला सुरुवात केली. म्हणजे दहा दिवस लवकर संपणार. माझी लाइन लिस्ट सगळी बनावट तारखांची झाली होती.

मी उस्तादांच्या टेबलापाशी जाऊन बसले. "उस्ताद, कोण कधी आजारी पडलं ते मला खरं पाह्यजे. तुमच्याजवळ काही लिहिलेलं असते का?"

"आजाराचं नाई म्याडम. आमच्याजवळ टायमिंगचं रजिस्टर हाय."

त्यांनी कपाटातून एक जाडजूड वही काढली. प्रत्येक पोराची रोजची सोळाशे मीटरची वेळ. मिनिटं आणि सेकंद, सहा महिन्यांची, एक दिवस चुकलेला नाही. मी पानं उलटू लागले आणि अक्षरशः हसले. इतकी नामी लाइन लिस्ट मी नोकरीत कधी पाहिली नव्हती. माणूस तापाची तारीख लपवू शकतो, पण आजारी पाय स्टॉपवॉचला फसवू शकत नाहीत. पाच पस्तीस, पाच छत्तीस, पाच चौतीस असं चाललेलं पोरगं अचानक सहा वीसवर येतं, दुसऱ्या दिवशी सहा चाळीसवर, तिसऱ्या दिवशी रकाना रिकामा. ताप त्या पहिल्या घसरणीच्या दिवशी. पोरगा काहीही म्हणो.

अविनाशचा रकाना काढला. पाच चोवीस, पाच पंचवीस. मग शनिवारी सहा दहा. रविवारी सहा अठरा. सोमवारी, ज्या दिवशी त्याने माझ्यासमोर बत्तीसपर्यंत आकडे मोजले, त्या दिवशी पाच अठ्ठावन्न.

"सोमवारी बरा कसा झाला?" मी विचारलं.

"गोळी खाऊन," राऊत खिडकीतून बाहेर बघत म्हणाले. "मेडिकलवाल्यानं सांगतलं मले. तापाच्या गोळ्या नेते रोज."

अविनाशला बोलावलं. वही समोर ठेवली. त्याने एकदा बघितलं. तो पोरगा हुशार होता, वाद घालण्यात वेळ घालवला नाही. त्याच संध्याकाळी त्याची गादी अभ्यासाच्या खोलीत गेली.

वहीत आणखी एक रकाना होता, शेऱ्याचा. रिकाम्या वेळेपुढे उस्तादांच्या वळणदार अक्षरात दोन शब्द होते. हलकं काम.

"हे काय?"

"आजारी पोट्ट्याले मी पळवत नाही म्याडम. बावीस साल फौजेत काढले. तापात पळाला त मरते, हे मले मालूम हाय. पन खोलीत एकटा पडून राह्यला त मन खचते त्याचं. सोबत्याईले पळतानी पाहून जीव तुटते. म्हनून मैदानात आनतो आन हलकं काम देतो."

"काय काम?"

"उद्या सकायी येऊन पाहा."

शुक्रवारी सकाळी सहाला मी मैदानात होते. धुकं होतं, थंडी बोचत होती. पोरं धावून आली, घोळक्याने वाफा सोडत. मग उस्तादांनी आरोळी दिली आणि दोन रांगा लागल्या. सिट-अप. म्हणजे पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवायचे आणि हात मानेमागे घेऊन कमरेतून उठायचं. पाय जमिनीवरून उचलले जाऊ नयेत म्हणून समोर एकाने बसायचं आणि दोन्ही घोटे दाबून धरायचे.

प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक पोरगा बसला होता. कानटोपी, मफलर, डोळे लाल. रांगेतला एकेक पोरगा येत होता, त्याच्यासमोर आडवा होत होता. उठताना त्याचं तोंड पाय धरणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर येत होतं. धाप लागलेली, तोंड उघडं, जोरात श्वास आत. आणि आकडे मोजायचं काम पाय धरणाऱ्याचं. तोही त्याच वितीवरून ओरडत होता. एक. दोन. तीन. मध्येच खोकला. चार.

मी मनातल्या मनात गुणाकार केला. एका आजारी पोरासमोर वीस-बावीस जण, प्रत्येकी चाळीस सिट-अप. एका सकाळी आठशेच्या वर वेळा. मी हॉलच्या खिडक्या उघडत बसले होते आणि इथे रोज सकाळी आजार तोंडातोंडी वाटला जात होता, तोही शिस्तीत, रांगेने. मोकळ्या हवेचा काही उपयोग नव्हता, कारण त्या वीतभर अंतरात वारा शिरायला जागाच नव्हती.

"हे दोघं कोण, उस्ताद?"

"आजारी हायेत ना. पाय धरते, मोजते. बसल्या जागचं काम."

"रोज आजारीच धरतात?"

"हाव. जो आजारी पडला त्याले दुसऱ्या दिवशी हेच काम. धडधाकट पोट्टा कायले बसवू? त्याची प्रॅक्टिस बुडते."

मी वही मागवली आणि तिथेच धुक्यात उभी राहून नावं जुळवली. आज पाय धरणारा परवापर्यंत रांगेत उठत होता. त्याच्या आधीचा पाय धरणारा आठवड्यापूर्वी रांगेत होता. नवा आजारी जुन्याची जागा घेत होता. अविनाश कोणासमोर सिट-अप मारत होता तेही सापडलं.

उस्तादांना सांगणं मात्र जड गेलं. कठोर आवाजाचा, पोरांना जीव लावणारा माणूस. सहा महिन्यांत एकाही पोराला त्याने जाणूनबुजून तापात पळवलं नव्हतं. दुसरीकडच्या अकादम्यांत पळवतात, हे मला ठाऊक आहे. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं.

"म्हंजे मीच वाटला त्याईले."

"तुम्ही पळवलं नाही म्हणून एखादा वाचला असेल. पाय धरायला बसवलं म्हणून बाकीचे पडले. दोन्ही खरं आहे उस्ताद."

"करायले गेलो गणपती आन झाला मारुती."

"चार दिवस खिडक्या उघडत बसले ती मी होते," मी म्हटलं. "मी पहिल्याच दिवशी मैदानावर यायला पाह्यजे होतं. ओपीडीत बसून साथ दिसत नाही, हे मलाही कळायला पाह्यजे होतं."

दुपारपर्यंत त्यांनी मैदानात चार खुंट्या ठोकून त्यांवर आडवे लोखंडी पाइप बसवले होते. पोरांनी पाय त्या पाइपखाली अडकवायचे. कोणी समोर बसायचं नाही, आकडे ज्याने त्याने मनात मोजायचे. इतकी वर्षं हे सुचलं नाही याचं त्यांना जास्त वाईट वाटत होतं, असं मला दिसलं. आजाऱ्यांना मैदानबंदी केली. मन खचू नये म्हणून उस्ताद स्वतः दुपारी दोन तास त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत आणि फौजेतल्या गोष्टी सांगत. तोंडाला मास्क लावून, मी सांगितलं होतं तसा.

रिपोर्ट शनिवारी आला. अ‍ॅडिनोव्हायरस. सर्दी-तापाच्या विषाणूंमधला एक. लहान मुलांत असतो, डोळे आणतो, घसा धरतो. पण तरणी पोरं एका छताखाली आणून त्यांना दमवलं, की तो जोरात पसरतो. जगातल्या सगळ्या फौजांना तो नवशिक्यांच्या बराकीतला जुना पाहुणा म्हणून माहीत आहे. त्यावर आमच्याकडे लस नाही, खास औषध नाही. वर्गाच्या दाराशी कोरोनापासून टांगलेली सॅनिटायझरची बाटली याला फारशी दाद देत नाही. साबण-पाण्याने हात घासून धुवायचे, आजाऱ्यांना वेगळं ठेवायचं आणि तोंडासमोर तोंड येऊ द्यायचं नाही. एवढाच इलाज. मी फलकावर लिहून दिलं आणि राऊतांनी हात धुण्याची जागा मेसच्या दाराशीच करवून घेतली.

साहेबांचा फोन आला. "मॅडम, आकडा वाढतोच आहे."

"अजून चार-पाच दिवस वाढेल सर. ज्यांना आधीच बाधा झाली आहे ते आजारी पडतील. बुधवारनंतर उतरेल."

"नक्की?"

"नक्की."

बुधवारी दोन नवे. गुरुवारी एक. शुक्रवारी एकही नाही. आणि त्यापुढेही नाही. एकूण एक्केचाळीस पोरं आजारी पडली आणि तीस गावांपैकी एकाही गावात त्यांच्यामुळे साथ पसरली नाही. राऊतांनी गावोगाव जाऊन खात्री केली. मला अभिमान वाटला आणि तो मी लपवला नाही. त्या दिवशी आरोग्य केंद्रात सगळ्यांना चहा मी पाजला.

भरतीला चार दिवस उरले होते. आजारातून उठलेल्या प्रत्येक पोराची मी तपासणी केली. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात, पण या वयात ते बरंच भरभर जातं. बहुतेकांची नाडी सत्तरच्या आसपास आली होती. ज्यांचे दहा दिवस पूर्ण झाले त्यांना हळूहळू धावायला परवानगी दिली.

अविनाशचा ताप जाऊन आठवडा झाला होता. खोकला नाही, भूक चांगली. तो बाकावर शांत बसला होता आणि त्याची नाडी एकशे अठरा होती. मध्येच एक ठोका चुकत होता. मी दहा मिनिटं थांबले आणि पुन्हा मोजली. एकशे सोळा.

त्याच दुपारी राऊत त्याला घेऊन वाशीमला गेले. ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा कागदावरचा आलेख. तो बरोबर नव्हता. तिथल्या फिजिशियननी रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी केली आणि लिहून दिलं. हृदयाच्या स्नायूला सूज असल्याची शक्यता. तीन महिने धावणं, वजन उचलणं बंद. नंतर पुन्हा तपासणी.

दुसऱ्या दिवशी मी अकादमीत गेले तेव्हा अविनाश उस्तादांच्या टेबलासमोर उभा होता. पोरांची मूळ कागदपत्रं, सनद, दाखले, मार्कशीट सगळं उस्तादांच्या कपाटात असे. हॉलमध्ये हरवतात म्हणून. ती मूळ कागदपत्रं दाखवल्याशिवाय भरतीच्या मैदानात पाऊल ठेवता येत नाही.

"उस्ताद, माही फाइल द्या," तो म्हणत होता.

उस्तादांनी समोरच्या रजिस्टरची पानं उलटायला सुरुवात केली.

"मी लिहून देतो, माह्या जबाबदारीवर पळतो म्हनून. मले काई नाई झालं. मले पायऱ्या चढून धाप नाई लागत, छाती नाई दुखत. म्याडमनं मशीनचं आयकलं आन मले आजारी केलं."

मी म्हटलं, "अविनाश, तीन महिने थांब. मंग पळ, कुठं बी पळ."

"तीन महिन्यानं कोन घेते मले? माहं वय निघून जाते. तुमाले कळते का?"

"कळते."

"नाई कळत. तुमची नोकरी लागली हाय."

त्याचं खरं होतं. मी त्याला समजावण्याचे दोन-तीन मार्ग मनात धरून आले होते, ते तिथेच विसरले. उस्तादांनी कपाटाची किल्ली हातात घेतली. ती त्यांच्या हातात होती आणि ते माझ्याकडे बघत होते.

"म्याडम, सज्ञान पोट्टा हाय. कागद त्याचे हायेत. तुमी सांगा. देऊ का?"

कायद्याने ते कागद त्याचे होते. एक डॉक्टर सल्ला देऊ शकतो, कोणाचे दाखले अडवू शकत नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं. कुणी तक्रार केली असती तर माझ्यावर कारवाई झाली असती आणि ती योग्यच झाली असती.

"देऊ नका," मी म्हटलं.

उस्तादांनी किल्ली खिशात टाकली. अविनाश माझ्याकडे असं बघत राहिला, की मला मान खाली घालावीशी वाटली. मी घातली नाही. मग तो गेला, आपली गादी गुंडाळून, त्याच दुपारी. मला फार वाईट वाटलं. पण निर्णयाबद्दल शंका नव्हती. तेव्हा नव्हती आणि आजही नाही.

भरतीला अकादमीतली पोरं दोन गाड्या करून गेली. एकही मैदानात कोसळला नाही. सात जण निवडले गेले. त्यांतले चार त्या साथीत आजारी पडलेले होते, आणि चौघंही पेढे घेऊन आरोग्य केंद्रात आले. एकाची आई लुगड्याच्या पदराने डोळे पुसत माझ्या पाया पडायला वाकली. साहेबांनी जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. हे सगळं मी आनंदाने घेतलं, पण मनात एक हिशोब होता. पेढे आणणारी ही पोरं माझ्याशिवायही बहुधा बरी झाली असती. दोन आठवडे खोकली असती, उशिरा का होईना धावली असती. मी ज्याला खरोखर अडवलं त्याने काही आणलं नाही.

लोक मला विचारतात, तो धावला असता तर खरंच मेला असता का? मला माहीत नाही. कुणालाच कळणार नाही. बहुतेक जण अशा सुजेतूनही धावून सुटतात. कदाचित तो वेळेत आला असता आणि आज वर्दीत असता. आमच्या कामात हेच आहे. रोग होऊ दिला नाही तर दाखवायला काही उरत नाही, आणि ज्याला काही झालं नाही तो तुमचे आभार कशाचे मानणार? ज्याला आभार हवे असतील त्याने साथरोगात येऊ नये, ऑपरेशन करावीत.

अविनाश आता रिसोडच्या बाजारात धान्याच्या अडत्याकडे कामाला आहे, असं राऊत सांगतात. गेल्या महिन्यात तो मला बसस्टँडवर दिसला. मी तिकिटाच्या खिडकीपाशी होते. त्याने मला ओळखलं, मान फिरवली. तेवढ्यात त्याची एसटी सुटली आणि तो खांद्यावरचं पोतं सावरत तिच्यामागे धावला. गेटपर्यंत धावला, दांडीला धरून आत चढला. दारातच उभा राहून त्याने कंडक्टरशी बोलायला सुरुवात केली, न थांबता, एका दमात. मी शेवटपर्यंत बघत होते.